सुती दोरीनं आखलेलं कोर्ट

आमच्या बेबीवर काही लिहायचं असलं की वर्तमानपत्रांची पोरं अजूनही माझ्याकडे येतात, कारण ती स्वतः बोलत नाही. बारा वर्षं देशात आणि परदेशात टेनिस खेळून तिनं पोट भरलं, आता पुण्यात मुलींना शिकवते, पण स्वतःबद्दल दोन वाक्यं विचारली की "ताईले विचारा" म्हणून मोकळी होते. मग पोरं एसटीत बसून जळगाव जामोदला येतात, चहा पितात आणि ठरलेला प्रश्न विचारतात, "मॅडम, अशा ठिकाणी टेनिस आलं कुठून?" मी जन्मभर शाळेत शुद्ध मराठी शिकवली, चारचौघांत तशीच बोलते, पण हा प्रश्न ऐकला की जीभ आपल्या वाटेनं जाते. "काऊन रे बाप्पा," मी म्हणते, "टेनिसले सातपुड्याच्या पायथ्याशी यायची बंदी होती काय?" पोरं हसतात, लिहून घेतात, आणि छापताना नेमकं तेवढंच गाळतात. म्हणून आता मीच लिहायला बसले आहे. त्यातही एक गोष्ट अशी आहे जी मी कुणालाच पूर्ण सांगितलेली नाही. ती सांगितल्याशिवाय बेबी काय चीज होती हे कळायचं नाही, आणि मी काय घोळ घातला होता तेही.

टेनिस आलं कापसामुळे. गावाबाहेर एक जुनं जिनिंग होतं, सरकी आणि रुई वेगळी करायचा कारखाना. इंग्रजांच्या काळात तिथं कुणी गोरा मॅनेजर राहायचा, त्यानं आपल्या करमणुकीसाठी आवारात टेनिसचं कोर्ट करून घेतलं. मॅनेजर गेला, इंग्रज गेले, कोर्ट राहिलं. आमच्या लहानपणी संध्याकाळी गावातले डॉक्टर, तहसीलदार, बँकेचे साहेब पांढरे कपडे घालून तिथं यायचे. आमचे बाबा जिनिंगचे राखणदार आणि त्या कोर्टाचे मार्कर. मार्कर म्हणजे कोर्टाची देखभाल करणारा आणि एखाद्या साहेबाला जोडीदार मिळाला नाही तर समोर उभं राहून चेंडू परतवणारा पगारी माणूस. बाबा चौथी शिकलेले, पण चेंडू असा परतवायचे की समोरच्या साहेबाला वाटावं, वा, आज आपला हात काय चालतोय! ही कला मी पुढे फार थोड्या माणसांत पाहिली, आणि शिक्षकांत तर जवळजवळ नाहीच.

फाटकाला लागून आमच्या दोन खोल्या. हंगामात दिवसभर जिनिंगची घरघर असायची, इतकी की घरात सगळे ओरडूनच बोलायचे आणि हंगाम संपला तरी सवय जायची नाही. अजून फोनवर माझा आवाज ऐकून सून म्हणते, आई, फोन ठेवला तरी पुण्याला ऐकू येईल. रुईचे तंतू हवेत तरंगायचे, भाकरीवर बसायचे, ठेच्यात पडायचे. माय म्हणायची, "खा, कापूस पोटात गेला तं आतून गादी होते." कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकर, हिरव्या मिरचीचा ठेचा, आणि वांग्याचे दिवस आले की काटक्यांवर भाजलेल्या वांग्याचं भरीत, एवढ्यावर आमचं वर्ष निघायचं, आणि मला तरी त्यात काही कमी वाटलं नाही. पाच वाजता घरघर थांबली की कानात एकदम पोकळी व्हायची आणि त्या पोकळीत कोर्टावरचा आवाज सुरू व्हायचा. ठप्. ठप्. मग साहेबांचं "सॉरी". मग पुन्हा ठप्.

काळ्या मातीवर टेनिस होत नाही. उन्हाळ्यात ती भेगाळते, पावसात बूट गिळते. म्हणून कोर्टाला डोंगराकडचा मुरूम आणि पांढरी माती घातलेली, आणि वरून शेणाचं सारवण. दर शनिवारी सकाळी माय, मी आणि बेबी कंबर मोडेस्तोवर ते सारवायचो. आमचं स्वतःचं अंगण दहा पावलांचं, ते माय दोन मिनिटांत उरकायची, आणि साहेबांचं अंगण सारवायला अर्धा दिवस. रेघा आखायचं काम मात्र बाबांचं. दर वर्षी पावसाळा सरला की सगळं कोर्ट उकरून नवं करावं लागे, जुन्या रेघा जात, मापं पुन्हा घ्यावी लागत. त्यासाठी बाबांकडे एक सुती दोरी होती. शेजारच्या रहीमचाचांनी जिनिंगच्याच सुताची वळून दिलेली. अगदी पहिल्या वर्षी, जुन्या रेघा शाबूत असताना, बाबांनी ती जाळ्यापासून मागच्या रेघेपर्यंत धरली आणि दोन गाठी मारून ठेवल्या, एक सर्व्हिसच्या रेघेची, एक मागच्या रेघेची. बस, झालं माप. फूट नाही, इंच नाही. एक टोक मी जाळ्याशी दाबून धरायचे, दुसरं बाबा ओढून ताठ करायचे आणि गाठीपाशी खुंटी ठोकायचे. एकदा मायनं ती दोरी धुणं वाळत घालायला घेतली तर बाबा दोन दिवस तिच्याशी बोलले नव्हते.

बेबी माझ्याहून पाच वर्षांनी लहान. शाळेतलं नाव निर्मला, पण ते फक्त हजेरीपुरतं. सहा वर्षांची असल्यापासून ती साहेबांचे चेंडू वेचायची, आणि आठव्या वर्षी डॉक्टरांनी तिला आपली तडकलेली रॅकेट दिली. तिच्या तारा तुटल्या की रहीमचाचा बसवून द्यायचे. चाचा पिंजारी, गाद्यांचा कापूस पिंजायचे. त्यांच्या कमानीला जी तात लागते ती आतड्याची असते आणि त्या वेळी रॅकेटलाही आतड्याचीच लागायची, म्हणून हा शोध आमच्या गल्लीतच लागला. चाचा तात ताणून बसवायचे, बोटानं टुंग करून वाजवायचे, कान लावायचे आणि म्हणायचे, "बेटी, मेरी कमान दो दिन भूखी रही तो चलेगा, तेरा बल्ला बोलना चाहिए." दोन-दोन दिवस त्यांची कमान खरंच बंद असायची. हे मला तेव्हा कळलं नाही, चाचा गेल्यावर त्यांच्या बायकोनं सांगितलं.

साहेब घरी गेले की दिवस मावळेपर्यंतचा अर्धा तास बाप-लेकीचा. बाबांचा एकच नियम होता: चेंडू मागच्या रेघेवर पडला पाहिजे, असा की चुना उडाला पाहिजे. रेघेच्या आत पडला तर "हलका हाय", बाहेर पडला तर "आंधळी हायेस काय?" बेबी वर्षानुवर्षं तेच करत होती. चुना उडाला की ती काही बोलायची नाही, फक्त नाकपुडी जराशी फुगायची. आणि पळायची तर अशी की बाबा मुद्दाम कोपऱ्यात मारायचे, दुसरा कोपरा, पुन्हा पहिला, पण ती चेंडू सोडायची नाही. बापाचा श्वास संपायचा, पोरीचा नाही. माय दारातून ओरडायची, "पुरे करा हो! या पोट्टीच्या पायाले भिंगरी हाय, हिले सासर तरी मोठ्या अंगणाचं पाहा." बारा-तेरा वर्षांची झाल्यावर ती डॉक्टरांना हरवायला लागली. डॉक्टर मोठ्या मनाचे. ते बाबांना म्हणाले, "हिला बाहेर काढा हो. इथंच ठेवलीत तर पाप लागेल तुम्हाला आणि मलाही."

आणि मग एका श्रावणात दोन गोष्टी एकदमच आल्या. जिनिंगच्या मालकांनी ठरवलं की दिवाळीनंतर कोर्टाच्या जागी कापसाच्या गाठी ठेवायचं गोदाम बांधायचं. त्यांचं बरोबरच होतं, कारखाना कापसाचा होता, टेनिसचा नव्हता. पण बाबांचं जेवण सुटलं. ताटावर बसायचे, चतकोर भाकर मोडायचे आणि उठायचे. त्याच आठवड्यात डॉक्टरांनी नागपूरच्या मुलींच्या स्पर्धेचा अर्ज भरला. तिथं शेवटच्या चौघींत जी मुलगी येईल तिला पुण्याच्या शिबिरात नेणार होते, राहणं, खाणं, रॅकेट, शाळा सगळं तिकडेच. म्हणजे हिशेब सरळ होता. नागपुरात जमलं तर बेबीचं टेनिस राहणार, नाही जमलं तर दिवाळीला ते गोदामाखाली जाणार. बेबीला हे कुणी समजावून सांगितलं नाही, पण ती शाळेतून येताना रोज कोर्टाला एक फेरी मारून घरात यायला लागली, तेव्हा तिला कळलंय हे मी समजले.

आता माझा घोळ. मी त्या वेळी डी.एड.ला होते. गणिताच्या बाईंनी प्रत्येकीला एखादी जागा मोजून तिचा नकाशा करून आणायला सांगितलं आणि पोलादी टेप दिला. मला सगळ्यात जवळची चौकोनी जागा म्हणजे कोर्ट. बाबा बाजारात गेले होते. मी जाळ्यापासून मागच्या रेघेपर्यंत टेप धरला आणि भरलं चाळीस फूट नऊ इंच. डॉक्टरांच्या नियमांच्या पुस्तकात स्पष्ट छापलेलं होतं, एकोणचाळीस फूट. मी तीनदा मोजलं. पलीकडच्या बाजूलाही तेच. पावणेदोन फूट जास्त! मग डोक्यात प्रकाश पडला. सूतच ते. दर वर्षी आम्ही ओढायचो, दर वर्षी ते दीड-दोन बोटं लांबायचं, आणि दोरी जशी लांबली तसं कोर्टही लांबत गेलं. साहेबांचे चेंडू जाळ्यात नाहीतर मधेच पडायचे, त्यांना काय कळणार!

सांगायला हवं होतं ना? पण संध्याकाळी बाबा ताटावरून तसेच उठले, आणि मी गप्प बसले. ज्या माणसाचं कोर्ट जाणार त्याला आणखी हे कुठं सांगू, की तुमचं कोर्ट मुळातच चुकलेलं आहे! वाटलं, आज नको, उद्या सांगू. वाटलं, मोठंच आहे ना कोर्ट, लहान तर नाही, पावणेदोन फुटानं असं काय आभाळ कोसळतं! गणितात मी बरी होते, अक्कल बेताचीच. नकाशात मुकाट्यानं एकोणचाळीस फूट लिहिलं, आणि बाईंनी त्यावर "छान" असा शेरा मारला.

नागपूरला आम्ही तिघं गेलो. एसटीनं शेगाव, तिथं महाराजांचं दर्शन, मग रेल्वे. बाबांनी वळकटी त्या सुती दोरीनंच बांधली. एरवी तिला कुणाला हात लावू न देणारा माणूस, म्हणाला, "शकुनाची हाय, संगं असू दे." तेव्हाही बोलता आलं असतं. गाडीत आठ तास समोरासमोर बसलो होतो की!

नागपूरचं कोर्ट लालसर मातीचं होतं, इस्त्री केल्यासारखं सपाट. बेबीचा शाळेचा स्कर्ट, पायात कॅनव्हासचे बूट. समोरची मुलगी उंच, नीटनेटकी, मागे तिच्या घरची आठ-दहा माणसं. बेबीनं पहिला चेंडू मारला तो आमच्या ओळखीचा होता, खणखणीत, लांब, मागच्या रेघेच्या टोकावर जाणारा. रेघेचा माणूस ओरडला, "आऊट." दुसरा, आऊट. तिसरा, आऊट. सर्व्हिसही बाहेर. रेघेच्या मागे मातीत नुसत्या खुणा उमटत होत्या, सगळ्या एका ओळीत, दोन-अडीच वीत बाहेर. ज्या ओळीत त्या उमटत होत्या ती आमच्या कोर्टाची रेघ होती, आणि ते सगळ्या मैदानात फक्त मला दिसत होतं. पहिला सेट सहा-एक असा गेला. बेबी रडली नाही. ती त्या खुणांकडे पाहत होती आणि मग आपल्या हाताकडे, जणू हात दुसऱ्या कुणाचा आहे.

दोन सेटांच्या मधे बाबा उठले आणि थेट पंचांच्या खुर्चीपाशी गेले.

"साहेब, हे कोर्ट आखूड हाय."

पंच वयस्कर, शांत माणूस होते. म्हणाले, "काय म्हणता काका?"

"आखूड हाय. पंधरा वर्षं झाले, मी कोर्ट आखून राह्यलो. माही पोरगी रेघ सोडत नाही. मोजा तुम्ही."

मागून समोरच्या मुलीच्या माणसांतलं कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, "नाचता येईना, अंगण वाकडं!" सगळे हसले. बाबांचे कान लाल झाले. पंचांनी खरंच टेप मागवला, त्यांना कुणाचा अपमान करायचा नव्हता. दोघांनी धरून मोजलं, एकोणचाळीस फूट, केसभर इकडे नाही की तिकडे नाही.

"टेप खोटा असन," बाबा म्हणाले, आणि त्यांनी वळकटीची दोरी सोडली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. सगळ्यांसमोर त्यांनी दोरी जाळ्यापासून अंथरली, ताठ केली, आणि गाठ रेघेच्या पार पलीकडे जाऊन पडली. बाबांचा चेहरा उजळला. त्यांना वाटलं, सिद्ध झालं! "हे पाहा साहेब! पाहा! चल बेबी, उचल सामान. खोट्या कोर्टावर माही पोरगी नाही खेळत."

पंचांनी घड्याळ पाहिलं. "काका, पाच मिनिटांत मुलगी खेळायला उभी राहिली नाही तर मला समोरचीला विजयी ठरवावं लागेल. नियमच आहे तो."

बेबी रॅकेट धरून मधे उभी. तिनं आयुष्यात बाबांचा शब्द मोडला नव्हता आणि तेव्हाही मोडला नसता. बाबांनी वळकटी उचलली असती तर ती मागोमाग चालती झाली असती, आणि दिवाळीनंतर गोदामाच्या भिंती मोजत बसली असती. बापाला चारचौघांत खोटं पाडायचं, तेही ज्या दोरीचं टोक मी स्वतः धरलं तिच्यावरून! पण आता गप्प बसले तर जन्मभर तोंड दाखवता येणार नाही, एवढं कळत होतं.

"बाबा," मी म्हणाले, "टेप बरोबर हाय. आपली दोरी लांबली."

"काय?"

"सूत हाय ते बाबा. ओढून ओढून लांबलं. आपलं कोर्ट पावणेदोन फूट जास्त हाय. मी मोजलं होतं."

"कधी?"

"श्रावणात."

बाबांनी दोरीचं टोक खाली ठेवलं. मग हळूच म्हणाले, "तवाच काऊन नाही सांगितलं वं?"

"तुमचं जेवण सुटलं होतं बाबा. मले वाटलं, तुमाले अजून वाईट वाटन."

"माह्या दोन घासांपायी," बाबा म्हणाले, "लेकराचं नुसकान केलं तू." ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. आज इतक्या वर्षांनीही ते वाक्य आठवलं की मला हातातलं काम ठेवून बसावं लागतं, कारण ते शंभर टक्के खरं होतं.

मग बाबांनी जे केलं ते करायला छाती लागते. ते पंचांसमोर गेले, हात जोडले, आणि मागच्या हसणाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, जिनिंगच्या घरघरीत बोलतात तशा, म्हणाले, "साहेब, अंगण वाकडंच हाय. पण ते माहं हाय, तुमचं नाही. चूक माही झाली. पोरीले नाचता येते. तिले खेळू द्या." कुणी हसलं नाही. ज्यानं म्हण टाकली होती त्यानं मान खाली घातली.

आणि आमची बेबी? ती तोवर खाली बसली होती. रेघेपासून दोरीच्या गाठीपर्यंत तिनं विती टाकल्या. एक, दोन, तीन. उठली, हाताची माती स्कर्टला पुसली आणि म्हणाली, "तीन वीत. एवढंच ना बाबा? मंग जमते." जसं कुणी सांगितलं होतं की आज भाजीत मीठ थोडं जास्त झालं! चौदा वर्षांची पोरगी, पहिला सेट हरलेली, बाप भर मैदानात हात जोडून उभा, सगळी शिकवण चुकीच्या रेघेवर झालेली, आणि ती म्हणते जमते. मी तिची बहीण म्हणून सांगत नाही, पण तेव्हा मला पहिल्यांदा तिची भीती वाटली. चांगली भीती, देवळात वाटते तसली.

जमलं, पण लगेच नाही. दुसऱ्या सेटचे पहिले दोन गेम गेले. वर्षानुवर्षांची सवय विडी-तंबाखूसारखी असते, सोडली म्हणून सुटत नाही. मग तिचे चेंडू आत यायला लागले, आधी फार आत, मग बेतानं, मग रेघेच्या अल्याड चार बोटं. मी नंतर विचारलं, कसं केलंस गं? तर म्हणाली, "रेघेवर मायनं खाटेवर पापड वाळत घातले हायेत असं धरलं ताई. खाटेच्या अल्याड पाडायचा, नाही तं माय मारते." आणि पळणं तर काय सांगू! समोरची मुलगी कोपऱ्यात मारून वळायची, संपला पॉइंट असं समजून, तेवढ्यात चेंडू परत यायचा. पुन्हा मारायची, पुन्हा परत. बेबी मोठ्या कोर्टावर वाढली होती, हे कोर्ट तिच्या पायांना परसासारखं होतं. दुसरा सेट सहा-चार, तिसरा सहा-तीन. शेवटचा चेंडू समोरचीनं जाळ्यात घातला तेव्हा बेबीची नाकपुडी जराशी फुगली, तेवढीच. दुसऱ्या दिवशी तिनं आणखी एक सामना जिंकला, शेवटच्या चौघींत आली आणि तिथं सपाटून हरली. पण पुण्याच्या शिबिराच्या यादीत नाव लागलं.

परतीच्या गाडीत बाबा माझ्याशी बोलले नाहीत. शेगाव स्टेशनावर उतरलो, त्यांनी कचोऱ्या घेतल्या, गरम, कागदात. पहिली मला दिली. "घे," म्हणाले. "पुढच्या वक्ती मले आधी सांगजो. मी काही काचेचा नाही." मी कचोरी खाताना रडले, आणि तिखट लागलं असं सांगितलं.

पुढचं तुम्ही वाचलेलं असेल. पुण्यानंतर बेबी मोठ्यांच्या स्पर्धा खेळली, परदेशात गेली, कुठल्या कुठल्या गावांतून पत्रं पाठवायची, त्यात गावापेक्षा जेवणाचीच तक्रार जास्त. फार वर पोचली नाही, असं तीच म्हणते. मी म्हणते, जिथं पोचली तिथं आपल्या जिल्ह्यातून आधी कोण गेलं होतं, नाव सांग! आपल्याहून मोठ्या मोठ्या खेळाडूंना तिनं तीन-तीन तास कोर्टावर घामाघूम केलं. हरली तर समोरचीचा हात नीट हातात घेऊन बोलायची, तोंड वेडंवाकडं करून नाही. गुडघ्याचं ऑपरेशन झालं, सगळ्यांनी संपली म्हणून सोडून दिली, ती वर्षभरानं परत आली आणि आणखी चार वर्षं खेळली. तिचा शेवटचा सामना मी पुण्याला जाऊन पाहिला. गुडघ्याला पट्टा, तरी कोपऱ्यातला चेंडू सोडत नव्हती. शेजारी बसलेला कुणी जाणकार आपल्या मित्राला सांगत होता, ही बाई रेघेच्या इतकी मागे का उभी राहते कळत नाही, मोठमोठ्या प्रशिक्षकांनी सांगून पाहिलं, ऐकत नाही, सगळ्या जगाहून वेगळीच उभी राहते. मला त्याला सांगायचं होतं. पण गोष्ट लांबलचक होती आणि बेबी सर्व्हिस करत होती.

तर ती गोष्ट अशी. नागपूरहून आलो तेव्हा दिवाळीला महिनाभर होता. गोदामाच्या विटा फाटकाशी येऊन पडल्या होत्या. दुसऱ्याच दिवशी बाबांनी मला कॉलेजातून तो पोलादी टेप मागून आणायला लावला. महिनाभराचं कोर्ट, तेही पाडायचंच, पण बेबीला पुण्याला जाण्याआधी खऱ्या मापावर खेळता यावं म्हणून. एक टोक मी धरलं, दुसरं त्यांनी. एकोणचाळीस फुटांवर खुंटी ठोकली. मग बाबा गुडघ्यांवर बसले आणि खुरप्यानं आपली जुनी रेघ खरवडायला लागले. पंधरा वर्षांची रेघ. मी तिकडे पाहू शकत नव्हते.

बेबीनं येऊन खुरपं धरलं. "ते राहू द्या बाबा."

"काऊन? खोटी हाय ते."

"बॉल पाडायले नवी रेघ घेते मी. पण उभी मी इथंच राहीन." तिनं जुन्या रेघेवर पाय ठेवला. "इथून पळायची सवय होती म्हणून तं नागपुरात सगळे बॉल माह्यापर्यंत आले. ते मी काऊन सोडू?"

बाबांनी खुरपं बाजूला ठेवलं. मला म्हणाले, चुन्याचा डबा आण. आधी त्यांनी नवी रेघ मारली, टेपाच्या मापानं. मग डबा घेऊन मागे गेले आणि अर्धवट खरवडलेल्या जुन्या रेघेवरून पुन्हा चुना ओढला, या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ. डोळे मात्र पुसत होते, आणि ते लपवतही नव्हते. बेबी त्या मागच्या रेघेवर जाऊन उभी राहिली, रॅकेट दोन्ही हातांत धरली, आणि म्हणाली, "हं, मारा बाबा."